भरपूर पाने, फूल मात्र नाही

बदलीच्या नोकरीत घरे सुटतात; झाडे मात्र जमेल तितकी बरोबर न्यावीत असे वाटते. भिलाईस येताना आईच्या अंगणातील जास्वंदीची एक रुजवलेली फांदी मी आणली होती. पुढे ते घर विकले गेले. हे रोप गेले असते, तर दुसरे मिळणार नव्हते.

दसऱ्याच्या सुमारास ते अंगणाच्या दक्षिण भिंतीच्या आतल्या बाजूस लावले. पाने मोठी, गडद हिरवी. फांद्या लांबसडक आणि एका बाजूस झुकलेल्या. कळी एकही नाही. मी युरिया घातला. पाने आणखी वाढली! नत्र पानांना पोसते, फुलांना नव्हे, हे तेव्हा लक्षात आले नाही.

पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक वयोवृद्ध ठेवीदार ही तक्रार ऐकून खताविषयी काहीच बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, आता डिसेंबरात तिथे ऊन किती तास असते?"

मला सांगता आले नाही. भिलाई साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जून महिन्यात येथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवरच येतो. म्हणजे 6 फूट उंचीच्या भिंतीची भर दुपारची सावली उत्तरेकडे 6 फुटांपर्यंत पोहोचते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. माझ्या जास्वंदीवर त्या दिवसांत थेट ऊन पडतच नव्हते. पावसाळ्याआधी लख्ख दिसणारी जागा थंडीत सावलीत जाते, आणि आपण दोष रोपवाटिकेला देतो.

म्हणून सुटीच्या दिवशी सकाळी 8 ते दुपारी 4 पर्यंत दर तासाला वाफ्यावर नजर टाकावी व ऊन की सावली हे कागदावर लिहावे. गुलाब, झेंडू, झिनिया, सदाफुली, जास्वंद, बोगनवेल यांना थेट उन्हाचे किमान सहा तास हवेत. ही नोंद झाल्याशिवाय खताची पिशवी उघडू नये. (आम्ही तरी कागदपत्रे पाहिल्याशिवाय कर्ज कुठे देतो?)

ऊन पुरेसे असूनही रोप खुरटले, तर माती पाहावी. छत्तीसगढी शेतकरी मातीला नावाने ओळखतो. काळी, चिकण 'कन्हार' पाणी धरून ठेवते. लाल, मुरमाड 'भाटा' जमिनीत पाणी थांबत नाही आणि कसही कमी असतो. एक फूट खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा व पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार-पाच तासांनीही तसेच असेल, तर वाफा अर्धा-पाऊण फूट उंच करून त्यात शेणखत व वाळूमिश्रित माती घालावी. माती ओली असताना रोप माना टाकत असेल, तर मुळे कुजत आहेत असे समजावे. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे त्याला बुडविणेच. भाटा जमिनीस उलट भरपूर शेणखत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन लागते.

पिवळ्या पानांतही फरक असतो. आधी खालची, जुनी पाने पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर लोहाची उणीव. कळ्या येऊन गळत असल्यास पाणी देण्यातील अनियमितपणा तपासावा व देठांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का, तेही पाहावे.

फेब्रुवारीअखेर, उन्हाळा तापण्यापूर्वी, मी जास्वंदीच्या फांद्या एक तृतीयांश छाटल्या, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासह ती उचलली आणि अंगणाच्या मोकळ्या भागात लावली. छाटलेल्या फांद्यांपैकी दोन कुंडीत रुजविल्या, कारण मूळ रोप जगेल याची खात्री नव्हती. मे महिन्यातील उन्हात पानांच्या कडा करपल्या, तेव्हा दुपारपुरती हिरवी जाळी बांधली आणि पाणी सकाळी लवकर देऊ लागलो. नव्या फुटीवर पहिली कळी पावसाच्या सुरुवातीस दिसली. फूल उमलले त्या दिवशी मी आईला दूरध्वनी केला, तिने आधी विचारले, "लालच आहे ना?"