कोड तोच, मग एरर माझ्याकडेच का?

जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील. तेव्हा पाण्याचा काठ किती सरकला होता, हे मोजायचं तर सेंटिनेल-2 ची उपग्रह चित्रं फुकट मिळतात. त्यात 10 मीटरचा एक पिक्सेल. पायथन आणि जीडॅल घेऊन मीही बसले, आणि पहिल्याच पायरीवर अडकले.

लोणारचे अक्षांश-रेखांश यूटीएम झोन 43 मध्ये बदलायचे होते. एरर आली: प्रोजचा डेटाबेस जुना आहे. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच कोड बिनबोभाट चालला. दोन दिवस मी पॅकेजेस काढत-घालत राहिले. दोष कोडमध्ये नव्हताच! पूर्वी टाकलेल्या एका सॉफ्टवेअरने प्रोज_लिब हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आपल्या जुन्या फोल्डरकडे वळवून ठेवलं होतं. नवं मॉड्यूल निमूटपणे तिकडे जात होतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नाव आणि किंमत यांची जोडी. प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम अशा जोड्यांचा गठ्ठा त्याच्या हाती देते. त्या प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम सुरू केला, तर सहसा त्यालाही याच गठ्ठ्याची प्रत मिळते. कोडला हात न लावता मॉड्यूलचं वागणं बदलता येतं, ही सोय. पण कोड वाचून हे कळत नाही, ही गोची. (नावं टाइप करताना इंग्रजी मोठी अक्षरं, मध्ये अंडरस्कोर.)

किंमत नेहमी मजकूर असते. तिचा अर्थ मॉड्यूल लावतं. जीडॅल_कॅशमॅक्सला 512 दिलं तर जीडॅल ते मेगाबाइट समजतं, पण आकडा 1,00,000 च्या पुढे गेला की तोच बाइट्समध्ये धरतं. प्रोज 9.1 पासून प्रोज_लिबच्या जागी प्रोज_डेटा हे नाव आलंय, त्यामुळे जुने ब्लॉग वाचताना जपून.

अजून एक. ओएमपी_नम_थ्रेड्स हे व्हेरिएबल नमपाय इम्पोर्ट करण्याआधी सेट करा; नंतर केलंत तर बहुधा उपयोग होत नाही, आणि एररही येत नाही. थ्रेड्स बदलले की बेरजेचा क्रम बदलू शकतो, मग शेवटच्या दशांशात फरक दिसतो. गाइडने विचारलं तर सांगणार काय?

मी आता स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ही चार व्हेरिएबल्स छापून घेते आणि ती यादी निकालाच्या फाइलशेजारी ठेवते. तुमच्याकडे काय सेट आहे ते बघायला लिनक्सवर एन्व्ह, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सेट. आधी प्रोज शोधा.