उडत्या बदकाचा फोटो पुसट का येतो?

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं उतरली की कॅमेरे सरसावतात. फोटो मात्र बऱ्याचदा पुसट येतात. ताशी 72 किलोमीटर वेगाने उडणारं बदक सेकंदाला 20 मीटर अंतर कापतं. शटर 1/500 सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात ते 4 सेंटिमीटर पुढे सरकतं. 1/2000 सेकंदात फक्त 1. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवला, तर अंग स्पष्ट येतं. पण पंखांची टोकं वर-खाली हलतच असतात. म्हणून शटर वेगवानच हवं.

बदकं वाऱ्याला सामोरी जात उड्डाण घेतात. वारा पाठीवर घेऊन बसलात, तर ती बहुधा तुमच्याच दिशेने येतील. तलवार बदक पाण्यातून थेट वर झेपावतं. लालसरी आधी पाण्यावरून धावते, त्यामुळे फोकस धरायला सवड मिळते.

थंडीच्या सकाळी पाणी हवेपेक्षा उबदार असतं. त्यामुळे पाण्यालगतची हवा तापून वरच्या थंड हवेत मिसळते. कमी-जास्त घनतेच्या हवेतून येताना प्रकाश वाकतो आणि दूरचा पक्षी थरथरतो. इथे महागडी लेन्सही हात टेकते. अंतर कमी असणं हाच उपाय. मात्र त्यासाठी नाव थव्यात घालू नका. विनाकारण उडण्यात खर्ची पडणारी चरबी त्यांना परतीच्या प्रवासाला लागते.