बेटांवरील सर्पांचे जबडे : अनुकूलन आणि आनुवंशिकता

काही मोजके अपवाद सोडल्यास सर्पाला आपले भक्ष्य फाडून किंवा चावून खाता येत नाही. ते त्याला अखंड गिळावे लागते. त्यामुळे त्याच्या तोंडाचा विस्तार जेवढा, तेवढीच त्याच्या आहाराची कमाल मर्यादा. सस्तन प्राण्यांत डोक्याच्या आकाराचा आहाराशी असा थेट संबंध क्वचितच सापडतो. उत्क्रांतीच्या अभ्यासकाला सर्पांचे, त्यातही बेटांवर वस्ती करून राहिलेल्या सर्पांचे जे आकर्षण वाटते त्याचे कारण हेच होय. बेटावर भक्ष्याचे प्रकार थोडे असतात, ते मोजता येतात, आणि सर्पाचा जबडाही मोजपट्टीने मोजता येतो.

या दृष्टीने ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या बेटांवरील टायगर स्नेक या सर्पाचा अभ्यास विशेष उद्बोधक ठरला आहे. नोटेकिस स्क्युटॅटस हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्याकडील नाग व मण्यार ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील हा अत्यंत विषारी सर्प होय. मात्र त्याची मादी अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते. मुख्य भूमीवर तो पाणथळ जागी राहतो आणि मुख्यतः बेडकांवर उपजीविका करतो. गेल्या हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी चढत गेली, किनाऱ्यालगतचा सखल प्रदेश पाण्याखाली गेला, आणि उंचवट्यांवर राहिलेले सर्प सुमारे ६,००० ते १०,००० वर्षांपूर्वी एकमेकांपासून व मुख्य भूमीपासून तुटले. यांपैकी बहुतेक बेटांवर बेडूक नाहीत, कारण गोडे पाणीच नाही. उरले ते सरडे आणि समुद्रपक्ष्यांची पिले.

बासच्या सामुद्रधुनीतील माउंट चॅपल बेटावर शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी बिळे करून लाखोंच्या संख्येने राहू शकतात, असे नव्हे तर हजारोंनी तरी दरवर्षी तेथे येतात. पिले अंड्यांतून बाहेर पडली की प्रौढ सर्पांना काही आठवडे मुबलक अन्न मिळते. पुढे पिले इतकी वाढतात की कोणत्याही सर्पाच्या तोंडात ती मावत नाहीत. या थोड्या काळात साठविलेल्या चरबीवर सर्पाला वर्षाचा बराचसा भाग काढावा लागतो. येथील सर्प मुख्य भूमीवरील आपल्या भाईबंदांपेक्षा पुष्कळच मोठे असतात. याउलट दक्षिण ऑस्ट्रेलियातील रॉक्सबी बेटांवर सर्पांना प्रामुख्याने लहान सरड्यांवर भागवावे लागते. तेथील सर्प खुजे राहिले आहेत. बेटावर प्राणी मोठे होतात की लहान, या प्रश्नाला सरसकट उत्तर देण्याचा जो मोह १९६४ मधील फॉस्टर यांच्या निबंधापासून पुष्कळांना झाला, त्याला या एकाच सर्पाने चांगलाच शह दिला आहे. बेट हे कारण नव्हे. बेटावर गिळण्याजोगे काय आहे हे कारण होय.

आकार व रंग यांतील या फरकांमुळे पूर्वीच्या वर्गीकरणकारांनी या सर्पाच्या दोन जाती व अनेक उपजाती कल्पिल्या होत्या. चॅपल बेटावरील सर्पाला वॉरेल यांनी १९६३ मध्ये 'सर्व्हेंटी' हे स्वतंत्र नाव दिले. परंतु २००५ मध्ये किओ, स्कॉट व हेज यांनी या सर्व समूहांतील मायटोकॉन्ड्रियल डी.एन.ए.ची तुलना केली, तेव्हा त्यांच्यातील अंतर अगदीच अल्प असल्याचे दिसून आले. बृहत्काय सर्पांचा एक वंश व खुज्या सर्पांचा दुसरा, अशी विभागणी तेथे मुळीच नाही. निरनिराळ्या बेटांवर मोठेपणा व खुजेपणा स्वतंत्रपणे, पुनःपुन्हा आणि भूशास्त्रीय मानाने अत्यल्प काळात उद्भवला, असाच त्याचा अर्थ होतो. दोन जाती मोडीत निघाल्या, पण त्यांच्या जागी अधिक मोलाचा प्रश्न उभा राहिला : हा बदल इतक्या त्वरेने घडला कसा?

प्रचलित उत्तर नैसर्गिक निवडीचे आहे. मोठ्या डोक्याची पिले अधिक जगली, त्यांची संतती वाढली. परंतु नव्या बेटावर अडकलेल्या पहिल्या पिढीचे काय? अनुकूल उत्परिवर्तन होईपर्यंत तिला उपाशी राहणे परवडणारे नसते. येथे दुसरा एक विचार पुढे येतो. एकाच आनुवंशिक साठ्यातून, परिस्थितीनुसार, भिन्न बाह्यरूपे घडू शकतात. या गुणाला आकार्यता म्हणता येईल. बॉल्डविन यांनी १८९६ मध्ये व वॅडिंग्टन यांनी १९४२ मध्ये असे सुचविले होते की, नव्या परिस्थितीत जीव प्रथम या आकार्यतेच्या बळावर तग धरतो, आणि पुढे तोच गुण निवडीमुळे जनुकांच्या स्वाधीन होतो. वॅडिंग्टन यांनी यास आनुवंशिक आत्मसातीकरण असे नाव दिले. १९५३ मध्ये त्यांनी फळमाशीच्या कोशांना उष्णतेचा धक्का देऊन पंखांवरील एक आडवी शीर नाहीशी होते हे दाखविले, आणि अशा माशांची पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्यावर धक्क्यावाचूनही ती शीर नाहीशी झालेल्या माश्या मिळविल्या. हा लामार्कवाद नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. मिळविलेला गुण येथे जनुकांत उतरत नाही. तो गुण सहजी प्रकट करणारी जी जनुके समूहात आधीच विखुरलेली असतात त्यांची निवड होते. तरीही प्रयोगशाळेबाहेर, खुल्या निसर्गात, याचा पुरावा दीर्घकाळ दुर्मीळच राहिला.

तो पुरावा शोधण्याची संधी कारनॅक बेटाने दिली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरापासून सुमारे १० किलोमीटरांवर असलेले हे बेट वीस हेक्टरांहूनही लहान आहे. तेथील टायगर स्नेक सुमारे १९३० च्या आसपास माणसाने नेऊन सोडले असावेत, असे सामान्यतः मानले जाते. प्रौढ सर्प तेथे रुपेरी कुरव पक्ष्यांच्या पिलांवर जगतात. पिलांचे रक्षण करणारे पक्षी सर्पांच्या डोळ्यांवर चोची मारतात, आणि कित्येक सर्प त्यामुळे आंधळे होतात. आश्चर्य असे की, बॉने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, हे आंधळे सर्प डोळस सर्पांइतकेच धष्टपुष्ट असतात. घरट्यातील पिलू पळून जात नाही. गंधाच्या साहाय्याने ते शोधले की पुरे.

ओब्रे, शाइन व बॉने यांनी कारनॅक येथील व मुख्य भूमीवरील सर्पिणींची पिले बंदिवासात वाढविली. काहींना लहान उंदीर दिले, काहींना मोठे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जबड्यातील फरकाला आनुवंशिकता व वाढीतील आकार्यता ही दोन्ही कारणे होती. पण मोठ्या भक्ष्याबरोबर जबडा वाढविण्याची क्षमता बेटावरील पिलांत अधिक होती. २००९ मध्ये ओब्रे व शाइन यांनी ही तुलना निरनिराळ्या वयाच्या बेटांपर्यंत नेली. ज्या बेटांवर सर्प काही दशकांपूर्वीच आले, तेथील पिले लहान डोक्याची जन्मतात व आहारानुसार डोके झपाट्याने वाढवितात. ज्या बेटांचा विलगपणा नऊ-दहा हजार वर्षांचा, तेथील पिले जन्मतःच मोठ्या डोक्याची असतात. आणि त्यांना काहीही खाऊ घातले तरी त्या डोक्याच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. वॅडिंग्टन यांनी वर्तविलेला क्रम तो हाच.

आकार्यता लोप का पावावी? ती टिकविण्यास काही किंमत पडत असावी, आणि भक्ष्य कायमचेच मोठे असेल तर वाट पाहत डोके वाढविण्यापेक्षा ते घेऊनच जन्मणे श्रेयस्कर ठरते. समुद्राचा अडसरही येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ईरी सरोवराच्या बेटांवरील पाणसर्पांत पट्टे नसलेली रूपे निवडीमुळे वाढत असल्याचे कॅमिन व एर्लिक यांनी १९५८ मध्ये दाखविले. परंतु किनाऱ्यावरून पोहून येणारे सर्प पट्ट्यांची जनुके सतत आणीत राहिल्याने तेथे बदल पूर्णत्वास गेला नाही. ऑस्ट्रेलियातील जुन्या बेटांवर अशी आवक नव्हती.

या पुराव्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. येथे कोणीही एकाच समूहाला हजारो वर्षे पाहिलेले नाही. भिन्न बेटे शेजारी मांडून काळाचा क्रम लावलेला आहे, आणि प्रत्येक बेटाचा आरंभ कोणत्या मूठभर सर्पांपासून झाला यावरही पुष्कळ अवलंबून असते. नव्या समूहांची संख्याही थोडी आहे. तरी जबड्याचे मोजमाप, ज्ञात आहार आणि नियंत्रित संगोपन ही तीनही अंगे एकत्र आलेली उदाहरणे विरळाच. आत्मसातीकरणाचा एक परिणाम मात्र संरक्षणाच्या दृष्टीने गंभीर आहे. एखाद्या जुन्या बेटावर पक्षी येण्याचे थांबले, तर ज्या लवचिकपणाने त्या सर्पांच्या पूर्वजांना तारले तो त्यांच्यापाशी आता उरलेला नाही.

संपूर्ण शरीराच्या आकाराबाबत ओब्रे यांनी २०१२ मध्ये आणखी एक मत मांडले. प्रौढांचा मोठेपणा वा खुजेपणा हा स्वतः निवडीचा विषय नसून, नवजात पिलाला त्या बेटावरील पहिले भक्ष्य गिळता यावे यासाठी जन्मकाळच्या आकारावर झालेल्या निवडीचा तो अनुषंगिक परिणाम असावा. हे खरे असेल, तर चॅपलच्या बृहत्काय सर्पाचे कारण शिअरवॉटरच्या पिलांत शोधण्याआधी, त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलाला तेथे कोणता सरडा गिळावा लागतो हे पाहावे लागेल.