‘ओरिजिनल मिलिटरी जीप’ घेताय? विलीज की फोर्ड, हे आधी खाली वाकून बघा

नगर म्हणजे लष्कराचं गाव. इथं आर्मर्ड कोर सेंटर आहे, गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, रणगाड्यांचं म्युझियम आहे. साहजिकच जुन्या मिलिटरी जीपचं वेड असणारेही इथं आहेत. अशी जीप विकायला निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “दुसऱ्या महायुद्धातली विलीज आहे.”

पण ती फोर्डही असू शकते. किंवा महायुद्ध संपल्यानंतरचीही.

दोन कंपन्या, एकच गाडी

१९४१ मध्ये अमेरिकन सैन्यानं विलीजचं डिझाईन पसंत केलं. पण एकट्या विलीजला एवढ्या गाड्या बनवणं झेपणारं नव्हतं, म्हणून फोर्डलाही तेच डिझाईन देण्यात आलं. १९४५ पर्यंत विलीजनं साधारण ३.६ लाख ‘एमबी’ बनवल्या, तर फोर्डनं साधारण २.८ लाख ‘जीपीडब्ल्यू’. इंजिन दोन्हीत सारखंच : चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर.

एकीचे पार्ट दुसरीला बसावेत, हाच हेतू होता. युद्धात त्याचा फायदा झाला. आज मात्र तीच डोकेदुखी आहे, कारण ऐंशी वर्षांत चेसिस एकीची आणि इंजिन दुसरीचं असं बऱ्याच गाड्यांचं झालंय.

मग ओळखायचं कसं?

रेडिएटरच्या खाली चेसिसचा आडवा दांडा बघा. गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या ‘यू’सारखी चौकोनी पट्टी असेल तर फोर्ड. फोर्डनं बोल्टवर आणि पार्टवर ‘एफ’ अक्षर उमटवलं होतं. इंजिन नंबरची सुरुवातही ‘एमबी’ किंवा ‘जीपीडब्ल्यू’ अशी असते.

फोर्डचा नंबर थेट चेसिसवर ठोकलेला असतो. विलीजचा मात्र रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो, आणि पट्टी बदलता येते. म्हणून विलीज घेताना जास्त सावध राहा.

आता तिसरी शक्यता. १९४७ पासून महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या सिव्हिलियन जीप. पुढच्या जाळीत सात फटी दिसल्या तर गाडी याच घराण्यातली. महायुद्धातल्या जीपला सहसा नऊ असतात. सात फटींची जीपही छानच, पण तिला महायुद्धाचा भाव देऊ नका.

घ्यायची कोणती?

चालवायला दोन्ही सारख्याच. त्यामुळे नावापेक्षा चेसिस आणि इंजिन एकाच कंपनीचं आहे का, हे महत्त्वाचं. सगळं जुळणारी फोर्ड ही खिचडी झालेल्या विलीजपेक्षा कधीही चांगली.

शेवटी कागद. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते.

त्यामुळे जीप बघायला जाताना सोबत टॉर्च घ्या. आरसीवरचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. रंग कसा चमकतोय, ते त्यानंतर.