ऐकायला सात वर्षं?

निपाणीची माझी मैत्रीण बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन शिकते. तिची आई विचारते, “नुसतं ऐकायला एवढं शिकायचं? फादरपण ऐकतातच की!” मलाही तसंच वाटायचं, म्हणून नियम वाचून काढले.

एम.ए. झालं की लगेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात जो मार्ग सांगितलाय, त्यात एम.ए.नंतर पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. आहे. तिथे वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांशी बोलणं, चाचण्या, उपचार हे सगळं प्रत्यक्ष करावं लागतं. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. म्हणजे बारावीनंतर निदान सात वर्षं! हल्ली अभ्यासक्रम बदलतायत. प्रवेशाआधी संस्थेला परिषदेची मान्यता आहे ना, ते बघाच.

बेळगावहून जवळ म्हणजे धारवाडची ‘डिमहान्स’. पण तिथले बरेच रुग्ण कन्नड बोलणार आणि मैत्रिणीचं कन्नड बाजारापुरतं. आता ती रोज तासभर कन्नड शिकते. शेवटी मात्र तिला निपाणीतच बसायचंय. विड्या वळणाऱ्या बायका “जीव घाबरा होतो” म्हणतात, ते त्यांना मराठीतच सांगता यावं म्हणून.