संपूर्ण मद्यत्यागाचा निर्धार



राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून एखादा बांधव प्रायश्चित्तकाळात दारू न पिण्याचा संकल्प करतो. तो संकल्प पाळतोही. घरात शांतता नांदते, मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसे उरतात. मग पुनरुत्थानाच्या सणाची दुपार उजाडते आणि ‘आज सण आहे’ या एका वाक्यासरशी सारे पुन्हा पूर्ववत होते. ज्याला व्यसन जडलेले नाही, त्याचा हा उपवास झाला. व्यसनाधीन माणूस मात्र ते दिवस मोजत असतो.

जालना जिल्ह्यात अशा मोजलेल्या मुदती पुष्कळ आहेत. अंबड-घनसावंगी भागातील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल हाती पडते तो दिवस, आणि हंगाम संपवून परतण्याचा दिवस, हे दोन्ही दिवस जोखमीचे असतात. जालना शहरातील लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपाशी राबणाऱ्याला पगाराचा दिवस तसाच. ‘हंगामापुरती सोडली’, ‘लग्न आटोपेपर्यंत सोडली’ असे म्हणणाऱ्याने मनात एक दार उघडे ठेवलेले असते.

हे दार बंदच का करावे लागते? दीर्घकाळच्या व्यसनाने मेंदूची घडण बदलते. कित्येक वर्षे न पिता राहिलेल्या माणसाचे पिणेही पहिल्या पेल्यानंतर थोड्याच काळात जुन्या प्रमाणावर जाऊ शकते. म्हणून ‘बेताने पिईन’ हा मार्ग अशा रुग्णासाठी धोक्याचा ठरतो. यात त्याच्या इच्छाशक्तीचा अपमान नाही. मधुमेह्याला साखर वर्ज्य असते, तसेच हे आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथेच्या भरात घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. पहिल्या काही दिवसांत हात थरथरणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होतात आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. निर्धार पूर्ण असावा, पण ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावेत. शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

डब्लिनचा हमाल मॅट टॅलबॉट (१८५६-१९२५) बाराव्या वर्षी मद्यविक्रेत्याकडे कामाला लागला आणि लवकरच पिऊ लागला. १८८४ साली, खिशात पैसा नसताना, तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजली होती त्यांपैकी कोणीही त्याला आत बोलावले नाही. त्याच दिवशी त्याने धर्मगुरूपुढे शपथ घेतली, तीही अवघ्या तीन महिन्यांची! पुढे ती वाढवीत तो आजन्म व्रतापर्यंत पोहोचला. गुत्त्यात पाय वळू नये म्हणून तो जवळ पैसे बाळगत नसे. जुनी देणी त्याने फेडली. पहाटेचा मिस्सा त्याने सोडला नाही आणि मिस्साला जातानाच रस्त्यावर त्याचे निधन झाले. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘वंदनीय’ घोषित केले. तीन महिन्यांची शपथ लहान होती, परंतु तिच्यामागे परतीचा बेत नव्हता.

आपल्याकडील उदाहरण फादर ज्यो परेरा यांचे. स्वतः मद्यासक्तीतून सावरलेल्या या धर्मगुरूंनी १९८१ मध्ये बांद्र्याच्या माऊंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाऊंडेशन’चे कार्य सुरू केले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेल्या योगसाधनेची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धर्मगुरूही या आजाराला बळी पडू शकतो, हे आपल्या समाजासमोर उघडपणे आले, हे मला त्यांच्या कार्याइतकेच मोलाचे वाटते.

मराठवाड्यात एखाद्याने तुळशीची माळ घातली, की गावच त्याला दारू विचारीत नाही. माळ दिसते, म्हणून आग्रह थांबतो. आयर्लंडमध्ये १८९८ साली येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी सुरू केलेल्या मद्यत्याग संघाचे सभासद याच हेतूने छातीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह लावीत. आपल्या बांधवाचा निर्धार मात्र बहुधा गुप्त राहतो आणि बारशा-लग्नात त्याच्या हाती पेला दिला जातो. यजमानाने त्या दिवशी दारू ठेवलीच नाही तर काय बिघडते?

‘मिस्सातील द्राक्षारसाचे काय?’ असा प्रश्न काहीजण संकोचाने विचारतात. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्त पूर्णपणे लाभतो. म्हणून दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद दिला जातो तेव्हा सावरणाऱ्या व्यक्तीने प्याला घेऊ नये आणि द्राक्षारसात बुडवलेली भाकरीही घेऊ नये. कोरडी भाकरी मागण्यात काहीच उणेपणा नाही. धर्मगुरूंना आधी सांगून ठेवावे. सावरणाऱ्या धर्मगुरूंनाही बिशपांच्या परवानगीने मस्टम, म्हणजे आंबणे रोखलेला द्राक्षरस, वापरता येतो.

आणि घरच्या माउल्यांना एक विनंती. दारू सोडवण्याचे औषध नवऱ्याच्या नकळत भाजीत कालवू नका. ते पोटात असताना तो प्यायला, तर जिवावर बेतू शकते. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. तो येत नसेल, तर तुम्ही एकट्याने जाऊन सल्ला घ्यावा.