मतपेटी आणि शिक्षकाचा पगार

मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी असते, पण शाळेची इमारत मात्र पहाटेपासून जागी असते. बाके भिंतीशी सरकविलेली, दारावर केंद्राचा क्रमांक डकविलेला, आणि एरवी हजेरीपट घेऊन बसणारे गुरुजी मतदारांची यादी पुढे घेऊन बसलेले. पूर्वी त्यांच्या शेजारी मतपेटी असे, आता यंत्र असते, एवढाच काय तो फरक. लोकशाहीच्या या सोहळ्यास शाळा आपली जागा देते आणि शिक्षक आपले श्रम देतो. त्याच्या मोबदल्यात निवडणूक शाळेला आणि शिक्षकाला काय देते? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. निवडणुकीतून शिक्षकास सर्व काही मिळते असे म्हणणारे जसे भेटतात, तसेच काहीच मिळत नाही असे म्हणणारेही भेटतात. दोन्ही मतांची परीक्षा एका खऱ्या इतिहासावर करून पाहता येते. तो इतिहास केरळचा, आणि त्याचा मुख्य भाग 1957 ते 1960 या अवघ्या तीन वर्षांत घडला.

त्याआधीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या केरळचा उत्तर भाग, म्हणजे मलबार, हा 1956 पर्यंत मद्रासकडील एक जिल्हा होता. तेथील प्राथमिक शाळा बहुतांशी खाजगी चालकांच्या असत. सरकार त्यांना अनुदान देई. ते अनुदान चालकाच्या हाती पडे, आणि चालक त्यातून शिक्षकाचा पगार देई. या व्यवस्थेत एक अशी रीत पडून गेली होती की, शिक्षकाने पगारपत्रकावर सही करावयाची ती पूर्ण रकमेवर, आणि प्रत्यक्षात घ्यावयाची ती चालक देईल ती रक्कम. सही आणि पैसा यांमधील अंतर चालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. तक्रार केली तर नोकरीच जावयाची, कारण शिक्षकास कामावरून दूर करण्यास चालकाला फारसे कारण लागत नसे. दक्षिणेकडे, त्रावणकोर-कोचीनमध्ये, शाळांचे जाळे अधिक दाट होते व त्यातील मोठा वाटा ख्रिस्ती धर्मसंस्थांचा आणि नायर समाजाच्या संस्थांचा होता. या संस्थांनी शिक्षणप्रसाराचे जे कार्य केले, त्यास तोड नाही. केरळातील साक्षरतेचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु शाळा चांगली असणे आणि तीतील शिक्षक निर्भय असणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

या परिस्थितीविरुद्ध शिक्षक उभे राहिले ते निवडणुकीची वाट पाहून नव्हे. मलबारातील अनुदानित प्राथमिक शाळांच्या शिक्षकांनी 1930 नंतरच्या दशकातच आपली संघटना बांधली होती. त्या काळी शिक्षकाने संघात जाणे ही साधी गोष्ट नव्हती. कित्येकांना नोकरीस मुकावे लागले. तथापि गावोगाव पसरलेला, लिहिता-वाचता येणारा आणि लोकांच्या विश्वासातील असा दुसरा वर्ग खेड्यात नव्हता. वाचनालय चालविणारा तोच, शेतकऱ्याचा अर्ज लिहून देणारा तोच आणि सभेत बोलणाराही तोच. त्यामुळे शिक्षकांचा संघ, शेतकऱ्यांचा संघ आणि डाव्या विचाराची राजकीय चळवळ ही एकाच अंगणात वाढली. पुढील निवडणुकीचे बीज येथे पडले होते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी केरळ राज्य जन्मास आले, आणि 1957 च्या आरंभी तेथे पहिली निवडणूक झाली. विधानसभेच्या 126 जागांपैकी 60 जागा कम्युनिस्ट पक्षाने जिंकल्या आणि पाच अपक्षांच्या साहाय्याने त्यास बहुमत लाभले. 5 एप्रिल 1957 रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. शिक्षणखाते गेले जोसेफ मुंडश्शेरी यांच्याकडे. मल्याळम साहित्याचे हे नामांकित टीकाकार स्वतः अनेक वर्षे त्रिचूरच्या एका ख्रिस्ती महाविद्यालयात अध्यापक होते. खाजगी संस्थेतील शिक्षकाचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी विधानसभेत शिक्षण-विधेयक मांडले व सप्टेंबरच्या आरंभी ते संमत झाले. त्यात अनेक कलमे होती, पण वादाच्या दृष्टीने महत्त्वाची चारच. पहिले असे की, अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार सरकारने थेट अथवा मुख्याध्यापकामार्फत द्यावा. चालकाच्या हातून तो जाऊ नये. दुसरे असे की, अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून चालकाने शिक्षकास बडतर्फ करू नये. तिसरे असे की, लोकसेवा आयोगाने शिक्षकांची यादी करावी आणि चालकाने तीतूनच नेमणूक करावी. यादी करताना मागासलेल्या वर्गांच्या राखीव जागांचा विचार व्हावा. चौथे असे की, चालक कर्तव्यास चुकला तर शाळेची व्यवस्था सरकारने आपल्याकडे घ्यावी. पहिली दोन कलमे शिक्षकाच्या पोटाशी व पाठीच्या कण्याशी संबंधित होती, तर उरलेली दोन शाळा कोणाची या प्रश्नाशी.

विरोध झाला तो मुख्यत्वे या दुसऱ्या जोडीस. विरोधकांचे म्हणणे केवळ स्वार्थाचे होते असे समजणे न्यायाचे होणार नाही. ज्यांनी देणग्या गोळा करून शाळा उभ्या केल्या, त्यांना आपल्या शाळेत कोणी शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार राहू नये, ही गोष्ट त्यांना जाचक वाटली. ज्या पक्षाचा धर्मावर विश्वास नाही, त्याच्या हाती शिक्षकांची निवड व पाठ्यपुस्तके गेल्यास मुलांच्या मनावर काय संस्कार होतील, अशी भीती ख्रिस्ती समाजात पसरली. उलट, ज्या जातींच्या तरुणांना या शाळांचे दार आजवर किलकिलेच दिसले होते, त्यांना लोकसेवा आयोगाची यादी म्हणजे न्यायाची पहिली पायरी वाटली. एकाच कलमाकडे पाहणारे हे दोन डोळे होते.

राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींकडे पाठविले, आणि राष्ट्रपतींनी ते सल्ल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे दिले. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या न्यायपीठाने 22 मे 1958 रोजी आपले मत कळविले. अल्पसंख्याकांस आपल्या संस्था चालविण्याचा हक्क घटनेने दिला आहे, पण त्या हक्कात संस्था वाईट रीतीने चालविण्याचा हक्क अंतर्भूत नाही, हे तत्त्व न्यायालयाने तेथे सांगितले. अल्पसंख्याकांच्या शाळा सरकारने ताब्यात घेण्याची कलमे त्या हक्काच्या आड येतात असा निर्णय झाला. परंतु पगार, नेमणूक व बडतर्फी यांविषयीची कलमे चालकांच्या अधिकारात खोलवर शिरत असली, तरी तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या शिक्षकांना त्यांपासून संरक्षण मिळते, म्हणून न्यायालयाने ती चालवून घेतली. विधेयकात बदल करून ते पुन्हा संमत झाले, राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, आणि 1 जून 1959 पासून कायदा अमलात यावयाचे ठरले.

जून म्हणजे शाळा उघडण्याचा महिना. त्या जूनमध्ये अनेक खाजगी शाळांच्या चालकांनी शाळा उघडल्याच नाहीत. 12 जून रोजी 'विमोचन समर' या नावाने प्रसिद्ध झालेले आंदोलन सुरू झाले. कॅथॉलिक धर्मसंस्था, मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखालील नायर समाज आणि विरोधी पक्ष हे सारे त्यात एकत्र आले. शिक्षणाचा कायदा हे एक कारण झाले. जमीनसुधारणेचे विधेयक व राज्यकारभाराविषयीच्या इतर तक्रारी हीही कारणे होतीच. 13 जून रोजी अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात माणसे मेली. अखेरीस 31 जुलै 1959 रोजी केंद्र सरकारने मंत्रिमंडळ बरखास्त करून राष्ट्रपतींची राजवट पुकारली. एका निवडणुकीने आणलेली सुधारणा दुसऱ्या निवडणुकीपर्यंत टिकते की नाही, हाच आता प्रश्न उरला.

ती दुसरी निवडणूक 1960 च्या फेब्रुवारीत झाली. शंभरांतील सुमारे 85 मतदारांनी मतदान केले, यावरून लोकांच्या मनाची खळबळ कळून येते. तिच्या निकालात एक मोठा बोध आहे. कम्युनिस्ट पक्षाच्या मतांचे प्रमाण शेकडा 35 वरून 39 वर गेले. म्हणजे मते वाढली. पण जागा मात्र 60 वरून 29 वर आल्या! कारण असे की, 1957 साली विरोधक एकमेकांविरुद्ध लढले होते, तर या वेळी काँग्रेस, प्रजा समाजवादी पक्ष व मुस्लिम लीग यांनी जागा वाटून घेतल्या आणि मिळून 94 जागा मिळविल्या. मतदारांचे मन फिरले त्यापेक्षा पक्षांची मांडणी अधिक फिरली. शिक्षकांच्या संघाने ही गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. आपल्या मागणीला पाठिंबा वाढत असतानाही आपला कैवारी सत्तेवरून जाऊ शकतो.

पट्टम थाणू पिळ्ळै यांचे नवे मंत्रिमंडळ आले आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. लोकसेवा आयोगाच्या यादीचे कलम गेले. पात्रता ठरवावयाची सरकारने, पण नेमणूक करावयाची चालकाने, असा नवा पाठ आला. येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल की, सारा खटाटोप व्यर्थ गेला. पण काय गेले याबरोबर काय राहिले हेही पाहिले पाहिजे. पगार सरकारने देण्याचे कलम तसेच राहिले. बडतर्फीपूर्वी संमती घेण्याचे कलमही राहिले. ज्या पक्षांनी कायद्याविरुद्ध रान उठविले होते, त्यांनीही या दोन कलमांना हात लावला नाही.

असे का झाले? यादीच्या कलमाने एका समाजाचे जात होते आणि दुसऱ्याचे येत होते; त्यावर दोन बाजू पडणे अटळ होते. पगाराचे कलम मात्र प्रत्येक बाजूच्या घरात शिरले होते. ख्रिस्ती शाळेतील शिक्षक, नायर समाजाच्या शाळेतील शिक्षक, मलबारच्या खेड्यातील शिक्षक, सर्वांनाच सहीइतकी रक्कम हाती हवी होती, आणि त्या सर्वांची मते सर्वच पक्षांना हवी होती. शिवाय पगाराचा भार सरकारने उचलावा याविषयी चालकांचीही फारशी तक्रार नव्हती. निवडणूक जिंकून केलेली सुधारणा टिकते ती जिंकणाऱ्याच्या बळावर नव्हे. हरलेल्यांच्या घरातही तिची गरज निर्माण झाली तरच ती टिकते. केरळच्या तीन वर्षांचा अर्थ एवढाच, पण तो मोलाचा आहे.

अर्धवट राहिलेल्या सुधारणेची किंमतही द्यावी लागली. आज केरळ राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळांपैकी निम्म्याहून अधिक शाळा अनुदानित आहेत. त्यांचा पगार सरकार देते आणि नेमणूक चालक करतो. पैसा एकाचा आणि अधिकार दुसऱ्याचा, अशा या जोडणीतून नोकरीसाठी देणगी घेतली जात असल्याची तक्रार वारंवार उठते. पुढे डाव्या पक्षांची मंत्रिमंडळे अनेकदा आली, तरी लोकसेवा आयोगाचे कलम कोणी परत आणले नाही. पगाराची वाट मात्र पुढे वाढतच गेली. 1972 मध्ये खाजगी महाविद्यालयांतील अध्यापकांसही, त्यांच्या चळवळीनंतर, सरकारकडून थेट वेतन मिळू लागले. दुसरीकडे, शिक्षकांच्या संघटना पक्षांच्या छायेत निरनिराळ्या झाल्या. आपला पक्ष सत्तेवर असताना संघाचा आवाज मवाळ व्हावा आणि नसताना तिखट व्हावा, ही त्या जवळिकीची दुसरी बाजू होय.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न निराळ्या चालीने सुटत आला. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा येथे 1977 चा, आणि त्याची नियमावली 1981 ची. त्यामुळे बडतर्फ झालेल्या शिक्षकास न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. नेमणुकीच्या बाबतीत 2017 पासून शिक्षकांची अभियोग्यता चाचणी सुरू झाली, आणि 'पवित्र' प्रणालीतून आलेल्या उमेदवारांतूनच मुलाखत घेऊन खाजगी संस्थेने निवड करावी अशी रीत पडली. मुंडश्शेरींच्या यादीची ही दूरची बहीणच म्हणावयाची. फरक इतकाच की येथे चालकाचा हात अगदीच बाजूस सारलेला नाही. शिवाय महाराष्ट्रात विधान परिषद आहे, आणि तिच्या 78 जागांपैकी सात शिक्षकांच्या मतदारसंघांच्या आहेत. पण तेथे मत आहे ते माध्यमिक व त्यावरील संस्थांत निदान तीन वर्षे शिकविलेल्यांना. ज्या प्राथमिक शिक्षकाच्या सहीपासून ही सारी हकीगत सुरू झाली, त्याला त्या मतदारसंघात मत नाही.

म्हणून निवडणुकीकडे शिक्षकाने व पालकाने आशेने पाहावे, पण भोळेपणाने पाहू नये. मतपेटी दार उघडते. आत काय न्यावयाचे ते आधीच बांधून ठेवावे लागते, आणि मलबारच्या शिक्षकांनी ते वीस वर्षे आधी बांधले होते. दार पुन्हा लागते तेव्हा जे सर्वांच्या उपयोगाचे ठरले असेल, तेच आत राहते. मतदान संपते, बाके पुन्हा ओळीने लागतात, दारावरचा क्रमांक निघतो, आणि गुरुजी हजेरी घेऊ लागतात. महिनाअखेरीस ते ज्या रकमेवर सही करतील तीच त्यांच्या हाती पडते, ही साधी गोष्ट कोणीतरी कधीतरी मोठ्या कष्टाने मिळविलेली आहे, एवढे मात्र त्यांच्या वर्गातील मुलांना कोणी तरी सांगावयास हवे.